तिथं कुणीच राहत नाही

मॅडमच्या हातात काळ्या रंगाची डबी होती. ओळीनं उभ्या असलेल्या पोरींच्या तोंडाला, दंडाला, पायांना त्या तो रंग फासत होत्या. माझ्यापाशी आल्या. थांबल्या. माझ्याकडं वरून खाली बघितलं आणि डबीचं झाकण लावलं.

"तुला लावायची गरज नाही. तू तर ओरिजिनलच आहेस."

पोरी हसल्या. मॅडमही हसल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. असतं तर मला उलटून बोलता तरी आलं असतं. पण त्या मला मानच देत होत्या. अंबडच्या त्या कॉलेजात बी.ए.ला शिकणारी पारध्याची मी एकटी पोरगी. ऑगस्टातला जागतिक आदिवासी दिन. मग फोटोत मधोमध उभं करायला दुसरं कोण मिळणार होतं?

त्यांनी माझ्या कमरेला सुतळी बांधली. सुतळीत कॉलेजच्या फाटकाजवळच्या अशोकाची पानं ओवली होती. डोक्याला पट्टी, पट्टीत कोंबड्याची पिसं. हातात धनुष्य दिलं, नळाचा पाइप वाकवून केलेलं. आत मी काळी लेगिंग आणि काळा टी-शर्ट घातला होता. तोही मॅडमनीच घालून यायला सांगितला होता.

माझ्या आईनं जन्मात कधी पानं नेसली नाहीत. ती लुगडं नेसते. बाप पँट घालायचा. दुसऱ्याची उतरलेली, पण पँट. धनुष्यही आमच्या घरात कधी नव्हतं. आम्ही फासेपारधी. आमच्याकडं बारीक फासे असायचे, तित्तर-लाव्हे धरायचे. बाप झुडपाआड बसून तित्तराचा आवाज काढायचा आणि तित्तर आपल्या पायानं चालत यायचे. आता पाखरं धरणं गुन्हा आहे. फासे गेले. आवाज तेवढा आमच्या माणसांच्या गळ्यात राहिला. हे सगळं मॅडमना सांगावं असं फार वाटलं. सांगितलं नाही. म्हटलं, मार्क त्यांच्या हातात आहेत.

नाच झाला. तो कुठल्या आदिवासींचा होता हे नाचणाऱ्या पोरींनाही माहीत नव्हतं. मी नाचायचं नव्हतं. मी स्टेजच्या कडेला धनुष्य ताणून उभं राहायचं होतं, भाषणं संपेपर्यंत.

पहिलं भाषण पाहुण्यांचं. मोठ्या शहरातून आलेले प्राध्यापक. माणूस चांगला बोलला, खोटं कशाला सांगू. जगभरातल्या आदिवासींबद्दल बोलला. अमेरिकेतले, ब्राझीलच्या जंगलातले, बर्फात राहणारे. मग ऑस्ट्रेलियाचं सांगितलं. गोरे लोक जहाजातून उतरले, तिथं माणसं राहत होती, पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, आणि गोऱ्यांनी ठरवलं की ही जमीन कुणाचीच नाही. अख्खा देश मोकळा आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. प्राध्यापकांचा आवाज इथं जरा कापला. "समोर उभा असलेला माणूस न दिसणं, ही सर्वांत मोठी हिंसा आहे," ते म्हणाले. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. माझ्या हातात धनुष्य नसतं तर मीही वाजवल्या असत्या. माझ्या अंगावर काटा आला होता.

मग भाऊसाहेब उठले. भाऊसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. माझ्याच गावचे. गावाबाहेर त्यांची मोसंबीची मोठी बाग आहे आणि त्या बागेची राखण माझ्या बापानं कितीतरी वर्षं केली. चोर म्हणून पोलिसांनी उचलायचं आणि चोरी होऊ नये म्हणून पाटलांनी राखणीला ठेवायचं, अशी आमची तऱ्हा. बाप वारला तेव्हा भाऊसाहेब पाच मिनिटं येऊन गेले. म्हणजे त्यांना आमचं दार माहीत होतं.

त्यांनी आधी माझ्याकडं हात केला. "ही आमच्या गावची लेक. आपल्या संस्थेत शिकते. आपल्याला अभिमान आहे." टाळ्या. मग म्हणाले, आज एक आनंदाची बातमी सांगतो. शासनानं संस्थेला जागा दिली आहे. त्या जागेवर आदिवासी मुलामुलींसाठी निवासी शाळा आणि वसतिगृह उभं राहणार. दिवाळीआधी काम सुरू.

"आमच्या गावचा लांडगमाळ. एकदम मोकळी जमीन. अधिकारी स्वतः जाऊन पाहून आले. तिथं कुणीच राहत नाही."

लांडगमाळावर माझं घर आहे.

हे ऐकताना मला काय झालं ते कळायला आधी उन्हाळ्यातला तो दिवस सांगावा लागेल.

लांडगमाळ म्हणजे गावाच्या वरच्या अंगाचं गायरान. मुरमाड. एक लिंब आणि बाकी बोरी-बाभळी. त्यावर आमची दहा-बारा खोपटं. वर पत्रा नाहीतर चवाळं, भिंतीला कापसाच्या पऱ्हाटीचे कूड. माझा जन्म तिथला. बापाला तिथंच लिंबाच्या पलीकडं पुरलाय, कारण गावच्या मसणवट्यात आम्हाला येऊ दिलं नाही. त्याच्या उशाला आईनं दगड लावलाय.

त्या दिवशी मी घरी होते, कॉलेजला सुट्टी होती. सकाळची भाकरी चालली होती. गावाकडच्या रस्त्यावर धुरळा उठला. पांढरी जीप, मागं पोलिसांची गाडी. चुलता लिंबाखाली बसला होता, त्यानं तित्तराचा आवाज काढला. दोनदा. आमच्यात त्याचा अर्थ लेकरांनाही कळतो. चूल विझली. तवा, भांडी, पीठ, सगळं उचललं गेलं. बायांनी तान्ही लेकरं छातीला लावली, म्हणजे रडू नयेत. आणि आम्ही पळालो. ओरडा नाही, गोंधळ नाही. जीप माळावर चढेपर्यंत माळावर माणूस नव्हता. आम्ही सगळे खालच्या ओढ्यात, बाभळींच्या आड, पोटावर पडून.

मीही पळाले. बी.ए.चं पुस्तक हातात होतं, तरी पाय पळाले. आमच्यात लेकरू चालायला लागलं की त्याला पळायला शिकवतात. कुंभार पिंपळगावला घर फुटलं तरी जीप आमच्याकडं, आष्टीला कुणाची विहिरीवरची मोटार चोरीला गेली तरी जीप आमच्याकडं. माझ्या बापाला असंच नेलं होतं. नडगी मोडून परत पाठवला, नाव दुसऱ्याचंच निघालं. त्या पायावर तो परत नीट उभा राहिला नाही. जीप म्हणजे काय ते आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

साहेबलोक खोपटांतून फिरले. एकानं वाकून दारात डोकावलं. एकानं मोबाईलवर फोटो काढले. थोडा वेळ थांबले आणि गेले. त्या संध्याकाळी वस्तीवर आनंद होता. कुणी सापडलं नाही. चुलत्यानं कोंबडं कापलं. पोरांना चोपडीतला धडा सांगावा तसा तो सांगत होता, बघा, आवाज कसा काढायचा असतो. आई हसत होती. मी पण रस्सा पोटभर प्याले.

ते आम्हाला धरायला आलेच नव्हते. गायरानावर कोण राहतं, किती वर्षांपासून राहतं, हे बघायला आले होते. राहणाऱ्याला जागा नावावर करून मिळणार होती का, ते देव जाणे. पण निदान राहतात असं तरी कुठंतरी म्हटलं गेलं असतं. आम्हाला कुणी आधी सांगितलं नाही. गावात दवंडी झाली होती म्हणे, ते मला नंतर कळलं. ती दवंडी माळावर चढली नाही. आणि साहेबांनी विझलेली चूल बघितली, रिकामं खोपट बघितलं, आणि ठरवून टाकलं.

साहेब तेव्हा कशाला आले होते ते मला स्टेजवर, पानं बांधून उभी असताना एका दमात कळलं. आमच्याच पायांनी आमची जागा घालवली. आणि पाय तसे कुणी केले, ते या हॉलमध्ये कुणाच्या मनातही येणार नव्हतं.

मी धनुष्य खाली ठेवलं आणि म्हटलं, "तिथं आम्ही राहतो."

कुणाला ऐकू गेलं नाही. मी माईकजवळ गेले आणि परत म्हटलं. "भाऊसाहेब, लांडगमाळावर आम्ही राहतो. तुम्ही आल्ते आमच्या घरी. माझा बाप मेला तव्हा."

भाऊसाहेबांनी माईकवर हात ठेवला. रागावले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "खाली उतर बाई. मंग बोलू आपण बराबर." हात काढला आणि लोकांकडं बघून हसले. "आपली लेक जरा भावनिक झाली आहे. साहजिक आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या भावनिक होण्याला.

मी प्राध्यापकांकडं बघितलं. दहा मिनिटांपूर्वी यांचाच आवाज कापला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसलं. मला वाटलं, आता हे उठतील. त्यांनी समोरची पाण्याची बाटली उचलली, झाकण उघडलं आणि सावकाश पाणी प्याले. समुद्रापलीकडचा माणूस त्यांना दिसत होता. चार हातांवरची मी दिसून चालणार नव्हतं. त्यांना परत गाडीत बसायचं होतं, मानधनाचं पाकीट घ्यायचं होतं, पुढच्या वर्षी यायचं होतं. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की शिकलेल्या माणसाला नीट समजावून सांगितलं की तो आपल्या बाजूनं उभा राहतो. ते वाटणं तिथंच संपलं.

कमरेची सुतळी निघेना. गाठीची निरगाठ झाली होती. मी ती ओढून तोडली. पानं स्टेजवर पडली, पिसं पडली. मी खाली उतरून चालायला लागले. मॅडम मागून पळत आल्या.

"अगं, पाहुण्यांबरोबरचा फोटो राहिलाय अजून."

"पानं तिथंच पडलीत," मी म्हटलं. "त्यांचा घ्या."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणा मोठ्या माणसाला असं बोलले. पण त्यानं काही झालं नाही. पेपरात बातमी आली ती कार्यक्रम उत्साहात पार पडल्याची. फोटो नाचाआधीचा होता. त्यात मी मधोमध होते, धनुष्य ताणून.

घरी जाऊन सांगितलं. आम्ही आपसात आमच्या बोलीत बोलतो, इथं मराठीत लिहितेय. चुलता माझं ऐकून म्हणाला, "थांबलो असतो तर आत घातलं असतं."

"काका, ते जागेची नोंद करायला आल्ते."

"जीपवर तसं लिव्हलं व्हतं का?"

त्याचं बरोबर होतं, आणि जागा तरीही गेली होती.

आम्ही तहसीलला गेलो. तिथला माणूस तिरसट नव्हता. म्हणाला, गावातल्या कुणाला तरी आणा, हे लोक इथं राहतात असं सांगणारा. आम्हाला वाटलं, हे तर सोपं आहे. वेचणीच्या दिवसांत कापूस वेचायला न्यायला टेम्पो आमच्या दारात येतो. दारात. ड्रायव्हर नावानं हाका मारतो. ज्यांच्या रानात आईचं निम्मं आयुष्य वाकून गेलं, त्यांच्या घरी आम्ही गेलो. एकानं चहा दिला, बाहेरच्या ओट्यावर. म्हणाला, "समदं खरं हाय तुमचं. पण मला या गावात राह्यचंय." दुसऱ्यानं हसून विषय बदलला. तिसऱ्याची बायको म्हणाली, ते घरी न्हाईत. आतून त्यांचा खोकला ऐकू येत होता. सगळ्या गावानं कानावर हात ठेवले.

पोळा झाला आणि जेसीबी आला. सोबत पोलीस. या वेळी मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. कुणी पळायचं नाही. दारात बसायचं. बोलायची वेळ आली तर मी बोलेन. सगळे हो म्हणाले. चुलताही हो म्हणाला. आणि गाड्या रस्त्यावर दिसल्या तसा त्याच्याच गळ्यातून तो आवाज निघाला. त्यानं काढला नाही, निघाला. मी त्याचं तोंड बघितलं, तो स्वतःच दचकला होता. अर्ध्याहून जास्त वस्ती ओढ्यात गेली. तोही गेला.

मी आणि आई बसून राहिलो. अजून तीन घरं बसली. मी साहेबांना सांगत होते, आमची माणसं आहेत, घाबरून गेलीत, बोलावते. साहेब म्हणाले, "निरपराध माणूस कशाला पळतो?" दोन बाई पोलिसांनी आईला काखेत धरून उचललं आणि बाजूला नेऊन ठेवलं. तिचं सगळं लक्ष लिंबाकडं होतं. जेसीबीनं आधी खोपटं सपाट केली, मग पलीकडं वळला. मी पुढं पळाले, मला धरलं. मुरूम पसरवून झाल्यावर बापाचा दगड कुठं होता ते मलाही ओळखू येईना. हे लिहितेय. रागानं. रडून झालंय.

आता आम्ही कालव्याच्या कडेला राहतो. तिथूनही उठवणार आहेत, पाटबंधारेवाले सांगून गेलेत. अंबडच्या कोर्टात दावा लागलाय. एक वकील फी न घेता उभे राहिलेत. चांगला माणूस आहे, म्हणून खरं सांगतो. म्हणाला, "आपल्या हातात फारसं काही न्हाई. तुमची साक्ष, बस. आणि ती मोडून काढतील."

मागच्या महिन्यात भाऊसाहेबांनी मला बोलावलं. बसायला खुर्ची दिली. वसतिगृहाच्या भिंती उठल्यात, म्हणाले. मुलींकडं बघायला बाई लागेल. आदिवासी बाई असली तर सरकारलाही बरं वाटतं. पगार, राहायला खोली. आईला स्वयंपाकाला घेऊ. "फक्त कोर्टात सांग, की तुम्ही लोक तिथं येऊन-जाऊन राह्यत होते. कायमचे न्हाई. खोटं थोडंच हाय ते? तुमची जातच भटकी."

मी विचारलं, "विचार करायला वेळ?"

"घे की. बिलकुल घाई न्हाई."

मी घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं आई थुंकेल. आई म्हणाली, "घे. पोटाचं होईल. आणि त्या जागेवर तरी राहशील. तुझा बाप तिथं हाय."

याचं काय करायचं ते मला दोन दिवस कळलंच नाही. आई लालची नाही. ती थकलीय. कालव्याच्या कडेला पावसात चूल पेटत नाही, आणि लेक शिकलेली आहे. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. आणि खोली त्याच माळावर मिळणार होती. सकाळी उठून दार उघडलं की लिंब.

त्या दोन दिवसांत मी मोबाईलवर ते ऑस्ट्रेलियाचं शोधून वाचलं. प्राध्यापकांनी अर्धंच सांगितलं होतं. पुढं तिथल्या एका माणसानं दावा लावला, की ही जमीन मोकळी नव्हती, आमची होती. वर्षानुवर्षं दावा चालला. शेवटी कोर्टानं मानलं. तोवर तो माणूस मरून गेला होता. हे वाचून कुणाला धीर येत असेल. मला आला नाही. मला एवढंच दिसलं की तिथं, इतक्या लांब, कुणीतरी उभं राहून म्हणालं आम्ही इथं राहतो, आणि तो निकाल त्याच्या कानावर पडलाच नाही. जंगलातून उठवलेले, धरणाखाली घातलेले, खाणीसाठी हाकललेले, किती देशांतले किती लोक असंच म्हणत असतील या घटकेला. त्यांची नावंही मला उच्चारता येत नाहीत. त्यांच्यातलेही बहुतेक हरतच असतील.

मी भाऊसाहेबांना नाही म्हणून कळवलं. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. भाकरी देते, बोलत नाही.

उद्या माझी साक्ष आहे. समोरचा वकील विचारेल, तुम्ही पळालात का? मी सांगेन, पळालो. का पळालो तेही सांगेन, मोडलेल्या नडगीसकट. तो विचारेल, दुसरं कुणी सांगतं का तुम्ही तिथं राहत होता म्हणून? मी सांगेन, कुणी सांगत नाही, सगळ्यांना माहीत आहे. दावा हरणार, हे मला वकिलापेक्षा जास्त माहीत आहे. वसतिगृह पूर्ण होईल, उद्घाटनाला कुठल्या तरी पोरीला पानं बांधतील, कदाचित ती आमच्यातलीच असेल. पण लांडगमाळ मोकळा होता असं या जिल्ह्यात कुणीही, कुठंही म्हणालं, तर तिथं उठून नाही म्हणणारं एक माणूस असेल. पगारानं ते गप्प होणार नाही, आईनं अबोला धरला म्हणूनही होणार नाही. मी मरेपर्यंत ते माणूस मी आहे.